‘ब्राइट स्टार’ : एका शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून

मे महिन्यात माझी मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काटोलहून आमच्याकडे येऊन राहिली होती. पंधरा दिवस झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता थोडा थोडा टीव्ही पाहिला तर चालेल. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कोणी ब्लाउज टाकायलासुद्धा घराबाहेर पडत नाही, त्यामुळे एक ते पाच माझं दुकान बंदच असतं. लेकीने सिनेमा भाड्याने घेतला, टीव्हीला जोडून दिला आणि ती आपल्या कामाला आतल्या खोलीत गेली. मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि मावशीला म्हटलं, "इंग्रजी आहे, खालची अक्षरंही इंग्रजीच आहेत. कंटाळा येईल तुला, तू पड."

ती काळा चष्मा सारखा करत म्हणाली, "लाव तू. कसं दिसून राहिलं ते पाहू दे."

सिनेमा सुरू झाला आणि पडदाभर एक सुई आली. इतक्या जवळून की कापडातला एकेक धागा सुतळीएवढा जाड दिसतो, सुईचं टोक त्यातून वर येतं आणि मागून दोरा सरसरत जातो. माणूस नाही, चेहरा नाही, नाव नाही, नुसती सुई आणि कापड. मावशी लोडाला टेकली होती ती सरळ उठून बसली.

मी गोकुळपेठेत एकतीस वर्षं शिवणकाम करते आहे. आपल्या सिनेमांत शिवणारी बाई पुष्कळ वेळा पाहिली आहे. नवरा गेला, घरात दाणा नाही, की आईला मशीनवर बसवतात. ती पाय मारते, चाक फिरतं, पण सुईत दोरा नसतो. दरवेळी माझी नजर तिथेच जाते आणि पुढचं रडणं मला खरं वाटत नाही. ‘ब्राइट स्टार’मध्ये सुईत दोरा आहे. टाका पडतो, दोरा ओढला जातो, कापड चिमटतं आणि बोटाने सारखं केलं जातं. नायिका दोन तास जे काही अंगावर घालते ते तिने स्वतः शिवलेलं आहे, आणि ते तसं दिसतंही.

गोष्ट इंग्रजी कवी जॉन कीट्स आणि त्याच्या शेजारी राहणारी फॅनी ब्रॉन यांची. न्यूझीलंडच्या जेन कॅम्पियन या दिग्दर्शिकेने हा सिनेमा 2009 मध्ये केला आणि त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत तो होता. कीट्स झाला आहे बेन व्हिशॉ, फॅनी झाली आहे अ‍ॅबी कॉर्निश. काळ 1818 पासून 1821 पर्यंतचा, जागा लंडनजवळचं हॅम्पस्टेड. कीट्सने डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेलं, औषधं देण्याचा परवाना मिळवलेला, पण ते सोडून तो कवितेच्या मागे लागलेला. पुस्तकं खपत नाहीत. धाकटा भाऊ टॉम क्षयाने अंथरुणाला खिळलेला. ज्याच्या खिशात काही नाही अशा माणसाला मुलीचं नाव जोडायचं नाही, हा त्या समाजाचा नियम. इथे कोणी बंदूक घेऊन मागे लागत नाही, कोणी मुलीला कोंडून ठेवत नाही. नुसतं ‘परवडणार नाही’ एवढ्या एका शब्दावर सगळं अडून बसतं. लोक कुजबुजतात, आई काळजी करते, आणि दोघं एकाच बागेत फिरत असूनही लांबच राहतात.

बी.ए.ला आम्हाला कीट्सच्या कविता होत्या. सरांनी नोट्स सांगितल्या, आम्ही उतरवून घेतल्या. त्या नोट्समध्ये फॅनीला एक ओळ होती: कवीच्या असफल प्रेमाचं कारण. ती कपडे शिवायची हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सिनेमात ती कवी आणि त्याच्या मित्राला तोंडावर सांगते की, तुम्हा दोघांच्या लिखाणापेक्षा माझ्या शिवणाचं कौतुक करणारे जास्त आहेत, शिवाय मला त्यातून पैसे कमावता येतात. मी तेवढं मावशीला मराठीत करून सांगितलं. तिने मान डोलावली. "बरोबर बोलली," म्हणाली.

शिवणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इतरांच्या लिहिण्यात ते येत नाही. त्या काळी शिलाई मशीन नव्हतं. फ्रॉकच्या लांब शिवणीपासून काजापर्यंत सगळं हातानं. फॅनीच्या गळ्याभोवती तीन थरांची चुणीदार कॉलर आहे, पंख्यासारखी उभी राहणारी, आणि तिला तिचा अभिमान आहे. अशी कॉलर करायची म्हणजे आधी धावदोरा घालून चुण्या ओढायच्या, प्रत्येक चुणी सुईच्या टोकाने मोजून बसवायची, मग वरून बारीक टाक्याने पक्की करायची. एक थर बिघडला की तिन्ही उसवावे लागतात. माझ्याकडे आज ओव्हरलॉक मशीन आहे, चांगला कॅनव्हास मिळतो, तरी अशी कॉलर शिवायला मला दोन दिवस लागतील. हे कपडे जेनेट पॅटरसनने केले आहेत आणि त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. मला सगळ्यात आवडलं ते हे की कपडे कोरे करकरीत नाहीत. कोपरावर सुरकुत्या आहेत, घेराला गवताचा ओलावा लागलेला आहे. कीट्सचा कोट तर मळकाच आहे. ज्याच्याकडे एकच कोट असतो त्याचा कोट असाच दिसतो.

टॉम वारतो तेव्हा फॅनी रात्रभर बसून त्याच्या उशीला भरतकामाचा अभ्रा करते. कीट्सशी तेव्हा तिची नुसती ओळख आहे. सांत्वनाचं पत्र तिला लिहिता आलं असतं. ती अभ्रा आणून देते. तो अभ्रा हातात घेऊन व्हिशॉ ज्या तऱ्हेने त्याच्याकडे पाहतो, त्यात काहीही अभिनय दिसत नाही. इथे मावशी पहिल्यांदा पुढे सरकली. चष्मा काढायला निघाली, मी हात धरला.

मग पत्रं येतात. 1819 च्या उन्हाळ्यात कीट्स पैसे कमावायच्या आशेने लिहायला म्हणून आइल ऑफ वाइटला जातो आणि तिथून लिहितो: आपण फुलपाखरं असतो आणि उन्हाळ्याचे तीनच दिवस जगलो असतो तर तेही पुरलं असतं, तुझ्यासोबतच्या त्या तीन दिवसांत पन्नास साध्या वर्षांपेक्षा जास्त सुख मिळालं असतं. फॅनी हे निळ्या-जांभळ्या फुलांच्या रानात बसून वाचते. मग भावंडांना घेऊन फुलपाखरं पकडते आणि झोपण्याच्या खोलीत सोडते. खोलीभर पंख. पडद्यावर, उशीवर, तिच्या अंगावर. पुढे पत्र मनासारखं येत नाही तेव्हा तीच फुलपाखरं मरून पडलेली दिसतात आणि ती झाडून काढावी लागतात. कॅम्पियन यावर एक शब्दही बोलायला लावत नाही. झाडणीचा आवाज तेवढा येतो.

त्या काळच्या पत्राची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे ते वाट पाहणं नीट कळेल. तेव्हा इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. अंतर जितकं जास्त आणि कागद जितके जास्त तितका दर जास्त. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरला जाई, म्हणून पत्रच घडी घालून, लाखेने चिकटवून, वर पत्ता लिहून पाठवत. एका पेनीत देशभर कुठेही पत्र, ही सोय 1840 मध्ये झाली. तेव्हा कीट्सला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. सिनेमात पत्र आल्यावर घरात जी धावपळ होते, छोटी बहीण दारापर्यंत पळत जाते, त्यामागे हे सगळं आहे.

आणि ही छोटी बहीण, टूट्स. एडी मार्टिन नावाची मुलगी आहे. माझं लक्ष फॅनीपेक्षा तिच्याकडेच राहिलं, आणि त्याचं कारण माझ्या शेजारी बसलं होतं.

1978 साली आम्ही नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळच्या वाड्यात राहत होतो. मी नऊ वर्षांची होते. मावशी बावीस वर्षांची, शिवणकाम शिकलेली, लग्नाची. तिला बल्लारपूरला नोकरी करणारा एक मुलगा आवडत होता. जात वेगळी होती आणि घर आमच्यापेक्षा गरीब. त्याची पत्रं आमच्या पत्त्यावर येऊ शकत नव्हती. ती चिटणीस पार्ककडे राहणाऱ्या मावशीच्या मैत्रिणीच्या नावावर यायची. मी ब्लाउजचं माप द्यायला म्हणून जायची आणि येताना घडी केलेल्या कापडात निळं इनलँड घेऊन यायची. परतीचं पत्र मावशी रात्री लिहायची. डिंक हाताशी ठेवला तर कोणी विचारेल म्हणून ती जेवताना भाताचं एक शीत ताटाच्या कडेला बाजूला काढायची. ते बोटाने चेपून इनलँडच्या कडेला पसरायची, घडी घालायची आणि वर अंगठ्याचं नख फिरवायची. सकाळी शाळेत जाताना मी ते लाल डब्यात टाकायची. त्यात काय लिहिलंय हे मी कधी पाहिलं नाही. कडेला वाळलेल्या शिताचा खरखरीतपणा मात्र अजून बोटाला आठवतो.

म्हणून सिनेमातली एक जागा मला फार आत जाऊन लागली. टूट्स पुढे चालते आहे, मागून फॅनी आणि कीट्स हातात हात घालून येताहेत. ती वळली की दोघं पुतळ्यासारखे थांबतात, हात सोडतात. ती पुढे वळली की पुन्हा हात. पुन्हा ती वळते. लहान मुलांचा खेळ आहे, पण टूट्सला सगळं कळतं आहे आणि ती त्यांना वेळ देते आहे. नऊ वर्षांची मुलगी काय काय समजून असते हे ज्याने ही जागा रचली त्याला पक्कं ठाऊक आहे. फॅनी पत्रासाठी वेडीपिशी होते तेव्हा हीच टूट्स आईकडे जाऊन सांगते की ताईला चाकू पाहिजे, जीव द्यायला. अगदी सरळ आवाजात. पाणी पाहिजे म्हणावं तसं.

एप्रिल 1819 मध्ये ब्रॉन कुटुंब कीट्स राहत असलेल्या घराच्याच दुसऱ्या भागात राहायला आलं. एकच इमारत, मध्ये भिंत. सिनेमात दोघं आपापल्या खोलीत भिंतीला हात लावून पडतात. आणि पत्रांमध्ये तर याहूनही पुढची गोष्ट आहे. फेब्रुवारी 1820 मध्ये कीट्सच्या खोकल्यातून रक्त पडलं. तो वैद्यक शिकलेला होता आणि भावाला याच आजारात सांभाळलेलं होतं, त्यामुळे त्या रक्ताचा रंग पाहूनच त्याला आपलं काय होणार ते कळलं. डॉक्टरांनी उत्तेजित व्हायचं नाही असं सांगितलं, म्हणून भिंतीपलीकडे असलेल्या मुलीला तो चिठ्ठ्या लिहायचा. एका चिठ्ठीत म्हणतो, ‘शुभ रात्री’ एवढे शब्द लिहून पाठव, उशीखाली ठेवीन. पलीकडे आवाज दिला तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर ती आहे आणि तरी कागद लागतो.

कीट्सने फॅनीला लिहिलेली चाळीसेक पत्रं आज आहेत. तिने ती मरेपर्यंत, म्हणजे 1865 पर्यंत, जपून ठेवली. मुलांनी 1878 मध्ये ती छापू दिली आणि लोक तिच्यावर तुटून पडले की एवढ्या मोठ्या कवीला ही साजेशी नव्हती. तिने त्याला लिहिलेलं मात्र काहीच हाती राहिलेलं नाही. आजारी कीट्सला हवापालटासाठी इटलीला पाठवलं होतं; तिथे तिची पत्रं उघडून वाचण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. ती न उघडता त्याच्यासोबत पुरली गेली. म्हणजे या प्रेमकथेत एकाच बाजूचं बोलणं आपल्यापर्यंत आलं आहे. हे असताना तिच्या तोंडी खोटी पत्रं घालणं दिग्दर्शिकेला सहज जमलं असतं. तिने ते केलं नाही. पत्रं कीट्सची ठेवली आणि फॅनीला सुई दिली. कॉलर, अभ्रा आणि शेवटी काळा पोशाख, हीच तिची पत्रं. मला हा सिनेमा इतका खरा वाटला तो याच्यामुळे.

आणि हे नुसतं दिग्दर्शिकेच्या मनातलं नाही. सप्टेंबर 1820 मध्ये कीट्स जहाजाने निघाला तेव्हा फॅनीने त्याच्या प्रवासाच्या टोपीला आतून रेशमी अस्तर लावून दिलं होतं. नेपल्सहून त्याने मित्राला लिहिलं की तिने टोपीला घातलेलं ते अस्तर माझं डोकं भाजून काढतं. मी हे वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. अस्तर कोणी पाहत नाही. गिऱ्हाईक शिलाई देताना अस्तराचे वेगळे पैसे कशाला म्हणून घासाघीस करतं. पण अंगाला लागतं ते अस्तरच. तिच्या पत्रांकडे पाहायची त्याला भीती वाटली, तिच्या टाक्यांपासून मात्र त्याची सुटका झाली नाही.

सिनेमाची आई मला फार आवडली. केरी फॉक्सने ती केली आहे. ती खलनायिका नाही. मुलीला बोलते, अडवते, पण रात्री दिवा घेऊन तिच्याजवळ येऊन बसते, आणि तो आजारी पडल्यावर लग्नाला होकारही देते. माझ्या आजीने मावशीसाठी दिवा नेला असता तर, असं मनात येऊन गेलं. आजी वाईट नव्हती, घाबरलेली होती.

जे पटलं नाही तेही सांगते. कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन (पॉल श्नायडर) घरातल्या कामवालीला गरोदर करतो, आणि ती गोष्ट चार-पाच दृश्यांत उरकली आहे. फॅनीला दोन तास मिळाले तर त्या मुलीला निदान एक धड दृश्य तरी द्यायला हवं होतं. ब्राउनचा उच्चार इतका जड आहे की खालची अक्षरं असूनही मागे नेऊन पाहावं लागतं. मध्ये अर्धा तास सिनेमा फार हळू चालतो. घाई असलेल्या माणसाने तो लावू नये. आणि संवाद अतिशय हळू आवाजात आहेत. आमच्या कूलरच्या घरघरीत निम्मं ऐकूच येईना. शेवटच्या अर्ध्या तासाला मी कूलर बंद केला आणि चव्वेचाळीस डिग्रीत आम्ही दोघी पदराने वारा घेत बसलो. मावशी म्हणाली, "राहू दे बंद." ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी दारं लावून पाहावा. थंडीत पाहिलात तर उत्तमच.

कीट्स रोमला जातो, पण सिनेमा त्याच्यामागे रोमला जात नाही, फॅनीसोबत हॅम्पस्टेडलाच थांबतो. 23 फेब्रुवारी 1821 ला तो वारला, पंचविसाव्या वर्षी. रोमची आपल्याला फक्त चौकातून जाणारी शवपेटी दिसते. बातमी घेऊन ब्राउन येतो. फॅनी ऐकून घेते, काही बोलत नाही, बाहेर पडते आणि जिन्यापर्यंत पोचल्यावर तिचा श्वास अडकतो. आईला हाक मारते की मला श्वास घेता येत नाहीये. अ‍ॅबी कॉर्निशने तिथे चेहऱ्याचं काहीही सांभाळलेलं नाही. मी आमच्या गल्लीत मयत झालेल्या घरांतून असा आवाज ऐकला आहे, सिनेमात नाही. त्यानंतर ती काय करते? बसते आणि काळा पोशाख शिवते. केस कापते. बर्फात चालत जाते, त्याची कविता म्हणत.

तिने बारा वर्षांनी, 1833 मध्ये, लग्न केलं. त्याने दिलेली अंगठी तिने कधी काढली नाही, असं सिनेमाच्या शेवटी लिहून येतं. नंतर नावं येत राहतात आणि त्यांच्यावरून व्हिशॉ कीट्सची आणखी एक कविता म्हणतो. ती पूर्ण होईपर्यंत उठू नका.

मावशीचं टपाल दीड वर्ष चाललं. मग तिच्या मैत्रिणीचं लग्न झालं, ती भंडाऱ्याला गेली आणि पत्ताच राहिला नाही. कोणी पकडलं नाही, कोणी ओरडलं नाही. आलेली पत्रं मावशीने एका सकाळी बंबात घातली, त्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या. सत्ताविसाव्या वर्षी तिचं काटोलला लग्न झालं, संत्र्याचा मळा आहे, मुलं-नातवंडं आहेत. काकांनी तिला आयुष्यभर चांगलं वागवलं. बल्लारपूरचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही, त्या दुपारीही नाही.

सिनेमा संपल्यावर मी तिला सांगितलं की त्या मुलीने पाठवलेली शेवटची पत्रं त्याने फोडलीच नाहीत, तशीच सोबत ठेवली त्याच्या.

"न वाचता?"

"न वाचता."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी कूलर लावला. मग म्हणाली, "ते उशीचं आलं होतं ना मघा, तेवढं परत लाव."

मी मागे नेऊन अभ्र्याच्या जागेवर थांबवलं. ती पलंगावरून उतरून टीव्हीच्या अगदी जवळ गेली, काळ्या चष्म्यातून वाकून पाहू लागली.

"टाका बारीक आहे पोरीचा," ती म्हणाली. "मागून दाखवत नाहीत का वं? मागून पाहिल्याबिगर काय समजते?"